खंजिरीचा साउंडचेक

सेवाग्रामच्या आश्रमात शिरलं की माणूस आपोआप कुजबुजायला लागतो. फाटकाबाहेर ऑटोवाल्याशी दहा रुपयांवरून ज्याने अख्खा चौक गोळा केला, तोच गृहस्थ आत आल्यावर बायकोला "पाण्याची बाटली दे" हेसुद्धा कानात सांगतो. शाळांच्या सहली येतात. मास्तर "शांत राहा रे!" असं अशा आवाजात ओरडतात की बापूंनी लावलेल्या पिंपळावरचे पोपट थेट पवनारला जाऊन बसतात. पोरं रांगेने बापूंच्या दफ्तरात डोकावतात, व्हाइसरॉयशी थेट बोलता यावं म्हणून सरकारने बसवून दिलेला टेलिफोन पाहतात, साप पकडायचा चिमटा पाहतात, आणि यातलं काहीच आवाज करत नाही हे कळल्यावर बाहेर पडून गोरसपाक खातात. गोरसपाकाची कुरकुर हा त्या सहलीतला सगळ्यात मोठा आवाज.

थोडक्यात, शांततेचं कंत्राट आपण सेवाग्रामला कायमचं देऊन टाकलं आहे.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत संगणकाचं काहीतरी करतो आणि शनिवार-रविवार एका फोक रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. बँडमध्ये पाच पोरं आहेत. एक ढोलकी आणि संबळ आळीपाळीने वाजवतो, एक नुसताच केस हलवतो, पण तो गायक आहे म्हणतात. गोंधळ, भारूड, अभंग, जे आजीकडून ऐकायला हवं होतं ते ही मुलं मोबाईलवरून ऐकतात आणि त्याला बेस गिटार लावतात. यात मी कुचेष्टा करत नाही. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'ने ड्रम आणि गिटारवर अभंग गाऊन कॉलेजातल्या पोरांना नाचवलं, 'कबीर कॅफे'ने कबीराला हातात गिटार घेऊन गावोगाव फिरवलं. तिकीट काढून लोक तुकोबा ऐकतात, ही गोष्ट देहूच्या वाण्याला नक्की आवडली असती. त्याचा स्वतःचा धंदा काही नीट चालला नव्हता.

तर भाच्याचा फोन आला. "मामा, आम्हाला सेवाग्रामला वाजवायचंय. विचार कर ना, इतक्या शांत जागी एकदम एनर्जी! तिथे असं काही कधी झालंच नसेल."

मी फोन कानापासून लांब धरला, कारण मागे त्याचा ड्रमर एनर्जी करत होता. आणि त्याला एका वाक्यात उत्तर देणं शक्यही नव्हतं, कारण उत्तर 1888 सालापासून सुरू होतं.

त्या वर्षी बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेल्या मोहनदास गांधी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने साहेब व्हायचं मनावर घेतलं. नाचाच्या वर्गाला तीन पौंड भरले. तीन आठवड्यांत सहाएक धडे झाले, पण पियानो काय म्हणतो आणि आपले पाय काय म्हणतात याचा मेळ बसेना. मग विलायती संगीताला कान तयार व्हावा म्हणून आणखी तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं, शिकवणीचे पैसे वेगळे. तेही जमेना. शेवटी शिकवणाऱ्या बाईंना भेटून, येईल त्या किमतीला हे व्हायोलिन विकून टाका, असं सांगून मोकळे झाले. हे सगळं त्यांनी 'सत्याच्या प्रयोगां'त स्वतःच लिहून ठेवलेलं आहे, तेव्हा माझ्या नावाने कोणी निषेध सभा घेऊ नये. ते व्हायोलिन टिकलं असतं तर देशाच्या इतिहासाचं काय झालं असतं हे इतिहासकारांनी ठरवावं. शेजाऱ्यांचं काय झालं असतं हे मी सांगू शकतो.

ताल आपल्या हाती नाही हे ज्याला इतक्या लवकर कळतं, तो माणूस पुढे तालाची माणसं जमवतो. बँडचे चांगले मॅनेजर असेच घडतात. साबरमतीला त्यांनी विष्णु दिगंबर पलुस्करांच्या तालमीतले पंडित नारायण मोरेश्वर खरे आणून बसवले. खऱ्यांनी आश्रमाची भजनावली जमवली, आश्रमातल्या सुरात न गाणाऱ्या थोर माणसांना सुरात गायला शिकवलं, आणि 1930 मध्ये दांडीपर्यंत चालतही गेले. चोवीस दिवस, रोज नवं गाव, रोज नवे श्रोते, राहायची सोय लोकांच्या अंगणात आणि शेवटी समुद्रकिनाऱ्यावर मुख्य कार्यक्रम. हल्लीच्या बँडवाल्यांनी अशी टूर काढून दाखवावी. मीठ तरी उचलून दाखवावं.

वर्ध्याला बापू कायमचे राहायला आले ते 1934 मध्ये, आणि सेगावात 30 एप्रिल 1936 ला. (नाव तेव्हा सेगाव. बुलढाण्याकडे गजानन महाराजांचं शेगाव असल्याने टपाल तिकडे जाऊन परत यायचं, म्हणून 1940 मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. नामांतर टपालखात्याच्या सोयीसाठी झालं आणि कोणी मोर्चा काढला नाही, असं ते देशातलं बहुधा एकमेव उदाहरण असावं.) पण त्याआधीच, 1933 मध्ये, वर्ध्यात एक जपानी साधू येऊन बापूंना भेटून गेले होते. निचिदात्सु फुजी त्यांचं नाव. त्यांच्या पंथात दांडी असलेला एक चपटा ढोल असतो. तो एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने बडवायचा, आणि चालता चालता मंत्र म्हणायचा. फुजी गुरुजींचे शिष्य आश्रमात राहिले तसा हा ढोलही राहिला.

म्हणजे बघा. चार वाजता उठायचा आश्रम. सोमवारी बापूंचं मौन. आश्रमवासीयांत प्राध्यापक भन्साळी, ज्यांनी मौनव्रत मोडू नये म्हणून एके काळी ओठच तारेने शिवून घेतले होते. आणि या सगळ्यात पहाटेच्या अंधारात ढुम, ढुम, ढुम. बापूंनी ढोल बंद करायला सांगितला नाही. उलट तो मंत्रच प्रार्थनेत घेतला, तोही अगदी सुरुवातीला. पुढे 1941 च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने आश्रमातल्या जपानी साधूला उचलून नेलं, पण प्रार्थनेतल्या मंत्राला हात लावायचं त्यांना सुचलं नाही. आजही सेवाग्रामची प्रार्थना जपानीतून सुरू होते. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटतं, हे वऱ्हाडीच असावं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वर्ल्ड म्युझिक!" त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक कप्पा आहे. मग मी त्याला खंजिरीवर भजन गाणाऱ्या तुकडोजी महाराजांचं सांगितलं आणि त्याचे कप्पे संपले.

तुकडोजी महाराजांचा जन्मही 30 एप्रिलचाच, 1909 सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. म्हणजे ज्या दिवशी गांधीजी सेगावच्या मातीत उतरले त्याच दिवशी महाराजांना सत्तावीस पूर्ण झाली. रॉकवाल्यांत हे वय फार अपशकुनी मानतात. हेंड्रिक्स सत्ताविसाव्या वर्षी गेला, जॅनिस जॉप्लिन गेली, जिम मॉरिसन गेला, कर्ट कोबेनही त्याच वयात. आमच्याकडचा खंजिरीवाला सत्ताविसाव्या वर्षी सेवाग्रामला गेला. बापूंच्या बोलावण्यावरून जवळपास महिनाभर आश्रमात राहिला. उकडलेली भाजी आणि कडुनिंबाची चटणी खाऊन, पहाटे चारला उठून, तिथून धडधाकट बाहेर पडला, आणि पुढची बत्तीस वर्षं विदर्भाला झोपू दिलं नाही. त्या मौनव्रती अंगणात खंजिरी कशी वाजली असेल, याची कल्पनाच करावी. महाराजांना मानणाऱ्या गुरुदेवभक्तांच्या बैठकीत तर असं सांगतात की एका सोमवारी महाराजांचं भजन ऐकता ऐकता बापू स्वतःचं मौन विसरले आणि 'पुन्हा एकदा' म्हणून बसले. खरं-खोटं त्या पिंपळाला ठाऊक. पण रॉकच्या इतिहासात 'वन्स मोअर'ची इतकी महाग किंमत कोणत्याच श्रोत्याने मोजलेली नाही.

पुढचंही ऐका. रॉकवाले आपलं गाणं रेडिओने वाजवलं नाही याची फुशारकी मारतात. महाराजांना 1942 मध्ये सरकारने नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात टाकलं, कारण आष्टी-चिमूरकडची माणसं खंजिरी ऐकून घरी जाऊन झोपत नाहीत हे सरकारच्या लक्षात आलं होतं. 1955 मध्ये महाराज विश्वधर्म परिषदेला जपानला गेले आणि तिथे खंजिरी वाजवली. जपानचा ढोल सेवाग्रामात, सेवाग्राम पाहिलेली खंजिरी जपानात, देवाणघेवाण पूर्ण. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 'राष्ट्रसंत' म्हटलं. आणि सगळ्यात वरची गोष्ट ही की शाळेत फारसे न रमलेल्या या माणसाचं नाव 2005 पासून नागपूर विद्यापीठाला आहे. बॉब डिलनला 2016 मध्ये साहित्याचं नोबेल दिलं तेव्हा जगभर चर्चा झाली की गाणाऱ्याला कसं दिलं. आमच्याकडे खंजिरी वाजवणाऱ्याला अख्खं विद्यापीठ दिलं. दर वर्षी हजारो इंजिनिअर आणि वकील त्यांच्या नावाची पदवी घेतात, आणि त्यातल्या एकालाही सरळ ठेक्यात टाळी वाजवता येत नाही.

भाचा जागा बघायला म्हणून आला. सेवाग्राम स्टेशनवर उतरला, आणि तिथून आश्रम समोरच असेल या समजुतीने बराच वेळ चालला. जागा म्हणून त्याला मेडिकल कॉलेजचा परिसर आवडला. गांधी शताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, सुशीला नायर यांनी उभं केलेलं हे कॉलेज. तिथल्या विद्यार्थ्यांना खादी घालावी लागते, नव्या पोरांना सुरुवातीचे दिवस आश्रमात राहून झाडलोट आणि सूतकताई करावी लागते. भाच्याने खादीतली ती पोरं-पोरी पाहिली आणि म्हणाला, "मामा, असा लुक मिळवायला आम्ही डिझायनरला पैसे देतो."

नंतर त्याने हळूच विचारलं, "शोनंतर पार्टी कुठे करायची?"

मी म्हटलं, "वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे."

तो गप्प झाला. फोक रॉकचा इतका खोल विचार त्याने आधी कधी केला नव्हता.

संध्याकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवून एका गावी निघालो. दिवस डिसेंबरचे. तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी खरं तर ऑक्टोबरातली, पण विदर्भातली गावं ती सोयाबीन आणि कापसाच्या सोयीने, एकमेकांच्या तारखा सांभाळत, पार फेब्रुवारीपर्यंत साजरी करतात. एवढी लांबलेली पुण्यतिथी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली नाही. आणि पुण्यतिथी म्हटली की खंजिरी भजन स्पर्धा.

वाटेत धुमाळ आडवं आलं. ज्यांना धुमाळ माहीत नाही त्यांनी नागपूर-वर्ध्याकडे लग्नसराईत कधीही यावं. ते तुम्हाला शोधत येतं. एका मालवाहू गाडीवर जनरेटर, त्यावर भोंग्यांची भिंत, भिंतीपुढे कॅसिओवाला, आणि खाली रस्त्यावर ढोल-ताशे-संदल घेतलेली डझनभर पोरं, सगळ्यांच्या डोळ्यांवर रात्री काळे चष्मे. एका गाण्यात ते सिनेमाचं गाणं, छत्तीसगडी ठेका आणि देवीची आरती एकत्र करतात आणि तिघांनाही ओळखू येऊ देत नाहीत. आमची स्कूटर पाऊण तास नवरदेवाच्या घोड्यामागे होती. माझं हृदय स्वतःचा ठेका सोडून धुमाळाच्या ठेक्यावर चालू लागलं. भाचा मात्र खाली उतरून मोबाईलवर शूटिंग करत ओरडत होता, "मामा, हाच! हाच खरा फोक रॉक!"

मला ते पटत नाही. धुमाळाचा जोर सगळा डिझेलचा आहे. जनरेटर बंद पडला की ते संपलं. विदर्भाने बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं आहे. इथे जे प्लगवर चालतं त्याला आम्ही कला मानत नाही, उपकरण मानतो. 1965 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलनने विजेवरची गिटार जोडली तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. तो महोत्सव आमच्या तालुक्यात असता तर आरडाओरड्याची वेळच आली नसती, दुसऱ्या कडव्याला वीज गेली असती.

गावात पोचलो तेव्हा सत्कार चालू होते. मोठ्या बँडच्या आधी एक लहान बँड वाजवतो म्हणतात. आमच्याकडे त्या जागी सत्कार असतात. शाल, श्रीफळ, माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, मंडपवाला, आणि ज्यांचं नाव चुकून राहिलं म्हणून दुसऱ्यांदा घेतलं ते. दीड तासाने मंचावर एकही माणूस बिनशालीचा उरला नाही तेव्हा स्पर्धा सुरू झाली.

मंडपामागे साउंडचेक चालू होता. पुण्यात साउंडचेकला एक पोरगा तासभर "चेक, चेक, हे, हे" म्हणतो. इथे पऱ्हाट्यांचा जाळ केला होता आणि पांढरा कुर्ता-पैजामा, भगवी टोपी घातलेली आठ माणसं गुडघ्यांवर बसून आपापल्या खंजिऱ्या शेकत होती. थंडीत दव पडलं की कातडं सैल पडतं आणि खंजिरी भिजल्या पोत्यासारखी बोलते. जाळावर धरायची, अंगठ्याने टिचकी मारायची, कानाशी न्यायची, पुन्हा जाळावर. जास्त शेकली तर कातडं फाटतं, म्हणजे सुरात आणण्याच्या आणि वाद्य गमावण्याच्या मध्ये एक फूट अंतर असतं. हल्लीची पोरं फायबरच्या पडद्याची, पान्याने कसायची खंजिरी आणतात. म्हातारे त्यांच्याकडे, डबाबंद आमरस आणणाऱ्या सुनेकडे पाहावं, तसं पाहतात.

या भजन मंडळाचे प्रमुख सेवानिवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. मी "जय गुरू" म्हटलं, त्यांनी "जय गुरू" म्हटलं आणि पोरांवर ओरडायचं काम पुढे चालू ठेवलं. "अबे अंगठा ढिल्ला सोड! थाप कुठं, झांज कुठं! मागच्या साली यानंच नंबर गेला आपला!"

आणि मग ते मंचावर चढले.

पहिली ओळ संथ. पेटीवाला डोळे मिटून, तबलजी पान चघळत, खंजिरीवाले रांगेत मान खाली घालून उभे. दुसरी ओळ झीलकऱ्यांनी उचलली. तिसऱ्या ओळीला गुरुजींनी मान अशी झटकली की भाच्याच्या हातातला चहा सांडला. आठ खंजिऱ्या एकदम वर गेल्या. मग त्या माणसांनी जे केलं ते लिहायला शब्द तोकडे आहेत, आणि ऑर्थोपेडिकच्या पुस्तकाचा आधार घ्यावा लागेल. गिरकी घेऊन गुडघ्यावर, गुडघ्यावरून उडी, उडीत खंजिरी पायाखालून काढून दुसऱ्या हातात, थाप कोपरावर, थाप खांद्यावर, थाप शेजाऱ्याच्या खंजिरीवर, आणि पुन्हा सरळ रांग, जसं काही झालंच नाही. टोपी एकाचीही पडली नाही. यातले निम्मे साठीच्या पुढचे. एरवी यांना बँकेची पायरी चढताना मुलाचा खांदा लागतो, एस.टी.त म्हाताऱ्यांच्या राखीव जागेवरून भांडणं होतात. खंजिरी हातात आली की गुडघे जुनं विसरतात. सोमवारी कस्तुरबा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांना सगळं पुन्हा आठवतं.

भजनाचा विषय व्यसनमुक्ती होता. गायकाने बिडी, तंबाखू, दारू, सगळ्यांची एकेक करून अशी धिंड काढली की मंडपात दोघांनी खरोखर बिड्या विझवल्या. कडव्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्याने तोंड बाजूला करून मंचाच्या कडेला एक पिचकारी टाकली आणि खर्रा दुसऱ्या गालात सरकवून पुढच्या कडव्यात खर्ऱ्यालाही सोडलं नाही. कोणाला काही वाटलं नाही. मला तर त्याचा अधिकार पटला. ज्याला विषयाची आतून माहिती आहे त्याने बोलावं.

मग घंटी. इथे प्रत्येक मंडळाला मोजून मिनिटं मिळतात, आणि एक माणूस टेबलावर मनगटी घड्याळ आणि पितळी घंटी घेऊन बसलेला असतो. पुढाऱ्यांच्या भाषणांपुढे हा माणूस का बसवत नाहीत हे मला कळलेलं नाही. गुण स्वराला, तालाला, शब्दोच्चाराला, वेशभूषेला आणि शिस्तीला वेगवेगळे. भाच्याने हे ऐकलं आणि आपल्या बँडचा हिशेब मनातल्या मनात लावून पाहिला. वेशभूषा आणि शिस्तीलाच ते बाद होत होते.

रात्री एकनंतर महिला मंडळं आली. एका रंगाच्या साड्या, कंबरेला पदर खोचलेला, आणि दिवसभर कापूस वेचून आलेले हात. त्यांच्या खंजिरीत मारका जोर होता. हुंड्यावरचं भजन चालू असताना पुढे बसलेल्या काही सासरेमंडळींनी मफलर वर ओढून घेतले.

भाचा थक्क झाला होता, पण हार मानत नव्हता. म्हणाला, "पण मामा, ड्रमकिट पाहिजेच. एकाच माणसाने सगळी तालवाद्यं हाताळायची, ती मजा वेगळी."

मी त्याला मोबाईलवर सत्यपाल महाराज लावून दिले. अकोल्याकडचे, सप्तखंजेरीवादक. सात खंजिऱ्या समोर मांडतात आणि दोन हातांनी साती वाजवतात, वरून अंधश्रद्धेची सालटी काढतात, मधेच लोकांना हसवतात, आणि हसता हसता विचारतात की लग्नात किती उधळले. लोक मुकाट्याने आकडा आठवतात. भाच्याने तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि पुण्यातल्या ड्रमरला पाठवला. ड्रमरचं उत्तर बराच वेळ आलं नाही. मग आलं: "दोनच हात आहेत का नक्की?"

पहाटे निकाल लागला. गुरुजींच्या मंडळाला दुसरा नंबर. पहिला नंबर ज्यांना मिळाला ते परीक्षकाच्या साडूच्या गावचे होते, अशी माहिती निकाल पुरता जाहीर व्हायच्या आतच मंडपभर पसरली. जगातल्या कोणत्याही संगीत पुरस्काराला शोभेल अशीच बाचाबाची झाली, फक्त इथे दोन्ही पक्ष मधून मधून "जय गुरू" म्हणत होते. मग काळा चहा आला आणि भांडण त्यात विरघळलं. रात्रभर नाचलेल्या त्या माणसांच्या पोटात या चहाशिवाय काहीही नव्हतं. दारूबंदीचा इतका भक्कम पुरावा मी कोणत्याही सरकारी अहवालात वाचलेला नाही.

भाचा गुरुजींपाशी गेला. वाकून नमस्कार केला, जो त्याने मला कधी केलेला नाही.

"गुरुजी, आमचाही बँड आहे. आम्हाला तुमच्यासोबत वाजवायचंय."

"हाव का? नाव काय मंडळाचं?"

"बँड आहे, गुरुजी."

"हाव, पर मंडळाचं नाव तं असंन. धर्मादाय आयुक्ताकडं नोंदनी हाये काय?"

"नाही... आम्ही असंच, मित्र-मित्र."

"बरं. किती मिनटं वाजवता?"

"सेट दोन तासांचा असतो."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. दोन तास वाजवूनही ज्यांना घंटी होत नाही अशा अभागी पोरांबद्दल त्यांच्या डोळ्यांत दया होती. "तुम्ही काय वाजवता, बाबू?"

"गिटार."

मला वाटलं होतं आता गिटार म्हणजे काय हे सांगावं लागणार. पण गुरुजी म्हणाले, "माह्या नातवाकडं हाय. बरी असते. पन तारा पेटीसंगं जुळतात काय? आमचा सूर काळी चार हाय."

"कॅपो लावला की जुळतं, गुरुजी."

"काय लागते ते लावा, पन काळी चार पाह्यजे. काळी पाच कराल तं हा मरते," गुरुजींनी खर्रावाल्या गायकाकडे बोट दाखवलं. तो मान हलवून हो म्हणाला. तोंड भरलेलं होतं. "आमचा पेटीवाला उद्या कापसाच्या गाडीसंगं हिंगनघाटले चालला. आन् उद्या रात्री नदीपल्याड स्पर्धा हाय. येता काय?"

भाच्याचा चेहरा उजळला. पुण्यात त्याला कोणी इतक्या चटकन कार्यक्रम दिला नव्हता. तरी धंद्याची सवय. तो चाचरत म्हणाला, "गुरुजी, ते... मानधनाचं कसं असतं?"

"असते ना! प्रवेश फी मानसी पन्नास रुपये. थे तुम्ही द्याचे. डिझेल वाटून घेतो. टोपी मंडळाची भेटते, कुर्ता-पैजामा पांढरा पाह्यजे, थो तुमचा तुम्ही आना. आन् उड्या मारता येतात ना?"

"येतात."

"मंग झालं."

भाच्याने पाकीट काढलं. गुरुजींनी खिशातून पावतीपुस्तक काढलं, कार्बन नीट घातला, चष्मा लावला आणि नाव-गाव लिहून घेतलं. वाद्याच्या रकान्याशी क्षणभर थांबले, पेन झटकलं, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'पेटी (बदली)'.